एक कारखाना, चार चोऱ्या आणि चार तऱ्हांचे चोर

सोलापूरच्या पूर्व भागात एक टॉवेलचा कारखाना आहे. खाली माग, वर मालकाचं घर आणि मागे भाऊबंदकीत अडकून बंद पडलेलं पत्र्याचं शेड. एका वर्षी संक्रांतीच्या गड्डा यात्रेपासून नारळी पौर्णिमेपर्यंत या कुटुंबात चार चोऱ्या झाल्या. गोदामातलं सूत कमी भरू लागलं. शेडमधल्या मोटारींचं तांबं गेलं. मालकाच्या आईच्या गळ्यातली साखळी हिसकावली गेली. शेवटी रथोत्सवाच्या दिवशी कपाटातले दागिने गेले. मी या कुटुंबाची वकील. पहिल्या तक्रारीपासून सोबत होते आणि त्यांच्या संमतीनेच हे लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. नाव कुणाचंच घेतलेलं नाही.

चारही वेळा घरात पहिला प्रश्न निघाला तो ‘कोण असेल?’ हाच. शेजारपाजारचे लोक त्याचं उत्तरही लगेच देत होते. शहरातल्या ज्या वस्त्यांना पिढ्यान्‌पिढ्या चोरांच्या वस्त्या म्हणून ओळखलं गेलं, त्यांच्याकडे बोट जायचं. चारपैकी तीन चोऱ्या उलगडल्या. त्यातला एकही माणूस त्या वस्त्यांमधला निघाला नाही. माझं म्हणणं असं की ‘कोण’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. आधी काय गेलं ते बघायचं, काय तसंच राहिलं ते त्याहून नीट बघायचं, आत शिरायची वाट कोणती होती आणि गेलेली वस्तू पुढे कोण विकत घेईल हे तपासायचं. एवढं झालं की ‘कोण’ची यादी आपोआप लहान होते. या चार चोऱ्यांत ती कशी लहान होत गेली, हे आता सविस्तर सांगते.

सूत

मालक, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, हिशेबाला पक्के. टॉवेलच्या धंद्यात गोदामातून जेवढं सूत मागावर जातं, तेवढं टॉवेलच्या आणि वेस्टच्या, म्हणजे वाया गेलेल्या सुताच्या, रूपात परत दिसायला हवं. पण हा हिशेब किलोला किलो जुळत नाही. ताण्याच्या सुताला खळ लागली की वजन वाढतं, माल धुऊन निघाला की उतरतं, हवेतल्या दमटपणानेही फरक पडतो. त्यामुळे थोडी तूट सगळेच धरून चालतात. चोरी नेमकी त्या थोड्या तुटीत लपली होती. फेब्रुवारीपासून तूट वाढत होती, पण एकाच महिन्यात डोळ्यांत भरावी इतकी कधीच नव्हती.

कुलूप तुटलेलं नव्हतं, पत्रा उचकटलेला नव्हता, रात्री कुणी आल्याची खूण नव्हती. अण्णांचा संशय मागावरच्या दोन नव्या कामगारांवर होता. पण मागावरच्या माणसाच्या हाती कोन, म्हणजे शंकूसारखी सुताची गुंडाळी, येतो तो मोजूनच, आणि सुटताना दारात झडती असते. त्याला फार तर खिशात मावेल एवढंच नेता आलं असतं. इथे दर आठवड्याला पोत्याच्या मापाने माल जात होता. पोत्यांनी काय बाहेर जातं? तयार टॉवेल, ज्यांची नगांवर मोजणी होते, आणि वेस्ट, जे फक्त काट्यावर चढतं. आम्ही न सांगता एका शनिवारी वेस्टची पोती भरल्यावर उलटी करायला लावली. वर चिंध्या आणि तुटके धागे, तळाशी अख्खे कोन.

हे काम कारखान्याच्या दिवाणजीचं होतं. गोदामाची किल्ली त्याच्याकडे, वेस्टची नोंदवही त्याच्याकडे, टेम्पोवाल्याशी बोलणंही तोच करायचा. बारा वर्षं नोकरीत. बायकोच्या ऑपरेशनसाठी पतसंस्थेचं कर्ज काढलेलं, हप्ते थकलेले. त्याने पहिला कोन घातला तो दिवाळीचा बोनस कापला गेल्याच्या रागात. ‘माझे मालकाकडे निघतातच, तेवढेच घेतोय,’ अशी त्याने मनाची समजूत घातली होती. विश्वासातल्या माणसाची चोरी बहुधा अशीच सुरू होते. आधी गरज, मग रागाची एखादी गाठ, मग आपलं आपल्याला पटलेलं कारण, आणि पहिल्यांदा कुणी पकडलं नाही म्हणून दुसऱ्यांदा. हा माणूस कुठल्याही पोलीस यादीत सापडत नाही. तो सापडतो हिशेबाच्या वहीत.

कायद्यात इथे एक बारीक पण महत्त्वाचा फरक आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत नोकराने मालकाच्या ताब्यातली वस्तू चोरली तर कलम ३०६ लागतं. पण वस्तू त्याच्याच हवाली केलेली असेल आणि त्याने ती परस्पर विकली, तर तो विश्वासघात होतो, कलम ३१६. दोन्हींत सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण सिद्ध करायच्या गोष्टी वेगळ्या. गोदामाची किल्ली दिवाणजीच्या हाती लेखी दिलेली होती, म्हणून आम्ही दुसरा मार्ग धरला. ज्या कारखान्यात किल्ली कुणाकडे आहे याची नोंदच नसते, तिथे हा खटला उभा करताना वकिलाची दमछाक होते, हे अनुभवाने सांगते.

तांबं

मे महिन्यात मागचं शेड उघडलं तेव्हा दुसरी चोरी कळली. ती नेमकी कधी झाली, हे कुणालाच सांगता येईना. बंद मागांच्या मोटारी उघडलेल्या, आतली तांब्याची वाइंडिंग ओढून काढलेली, वायरी कापून नेलेल्या. मोटारींचे जड लोखंडी सांगाडे मात्र जागेवर. पितळेचे काही भाग नेलेले, लाकडी धोटे पायदळी तुडवलेले. छपराचा एक पत्रा कोपऱ्यात वाकवलेला, आणि ती फट इतकी अरुंद की भरल्या अंगाचा माणूस त्यातून शिरू शकत नाही. मागच्या नाल्याकाठी वायरीवरचं प्लॅस्टिक जाळल्याच्या काळ्या राखेचे ढीग होते. एक ढीग नव्हे, तीन, आणि तिन्ही वेगवेगळ्या दिवसांचे दिसत होते. शेजारी पंक्चरच्या सोल्युशनच्या रिकाम्या ट्यूबा.

या खुणा वाचायला फार मोठं शास्त्र लागत नाही. जड माल मागे राहिला म्हणजे गाडी नव्हती. फट लहान म्हणजे शिरणारे अंगाने लहान. नाल्यातच वायर जाळली म्हणजे राहायला फार लांब नसावेत. सोल्युशन म्हणजे नशा. राखेचे तीन ढीग म्हणजे ते तीनदा आले, आणि पहिल्या खेपेला कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणून पुढच्या दोन खेपा झाल्या.

शेवटची गोष्ट जगभरच्या अनुभवाशी जुळते. इंग्लंडमध्ये रॉचडेल शहराच्या कर्कहोल्ट वसाहतीत १९८०च्या दशकात घरफोड्या कमी करायचा एक प्रयोग झाला. तिथे दिसलं की ज्या घरात एकदा चोरी होते, त्याच घरात थोड्याच दिवसांत पुन्हा होण्याचा धोका सगळ्यात जास्त असतो. म्हणून सबंध वसाहतीवर पहारा बसवण्याऐवजी फुटलेली घरंच आधी पक्की केली, शेजाऱ्यांना लक्ष ठेवायला लावलं, आणि घरफोड्या खूप उतरल्या. आमच्या शेडचा पत्रा पहिल्याच आठवड्यात ठोकून घेतला असता तर निम्म्याहून जास्त मोटारी वाचल्या असत्या. पण भावाभावांचा वाद कोर्टात, आणि ‘त्याच्या हिश्शातला पत्रा मी का ठोकू’ या हट्टापायी शेडकडे कुणी फिरकलंच नाही.

तपासात तीन मुलं निघाली. दोघं अठराच्या आतली, तिसरा एकोणीसचा. एकाने आठवीतून शाळा सोडलेली, एकाची आई विड्या वळते. तांबं त्यांनी भंगाराच्या एका दुकानात किलोवर विकलं. त्यांच्या हाती आलं त्याच्या कितीतरी पट अण्णांना मोटारी पुन्हा भरून घ्यायला लागले. अशा चोरीत चोराचा फायदा आणि मालकाचं नुकसान यांचा एकमेकांशी काही मेळ नसतो, आणि मालक चिडतो तो त्यामुळेच.

धाकटी दोघं बाल न्याय मंडळापुढे गेली. समुपदेशन, समाजसेवा, देखरेखीखाली सोडणं असे मार्ग मंडळाला मोकळे असतात आणि इथे ते वापरले गेले. मोठ्यावर रात्रीच्या घरफोडीचा गुन्हा लागला. ‘पत्र्याचं शेड, त्यात कुणी राहत नाही, मग घरफोडी कशी?’ असं अण्णांनाच नवल वाटलं. माल ठेवायला वापरली जाणारी इमारत कायद्याच्या लेखी घराच्या बरोबरीची असते. त्यामुळे नव्या संहितेत पाच हजारांखालच्या पहिल्या चोरीला वस्तू किंवा तिची किंमत परत केल्यास समाजसेवेची जी सवलत आहे, ती या मुलाला मिळाली नाही. मला ते कडक वाटतं. तिघांनी एकच गोष्ट केली आणि जन्मतारखेतल्या फरकाने त्यांचे रस्ते फुटले.

आता त्या भंगारवाल्याबद्दल. पोरं जळकी तांब्याची तार घेऊन अंधार पडल्यावर येतात, तेव्हा ती कुठून आली हे विकत घेणाऱ्याला कळतं. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा कलम ३१७ खालचा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि असा धंदा सवयीने करणाऱ्याला तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगितली आहे. तरीही बहुतेक प्रकरणांत विकत घेणारा साक्षीदार म्हणून येतो, माल काढून देतो आणि सुटतो. पोलिसांना ते सोयीचं असतं, कारण माल परत मिळतो आणि गुन्हा उघड झाल्याची नोंद होते. इथे मी आग्रह धरला की त्याला आरोपी करा. दिवाणजीच्या वेस्टचा व्यापारी निराळा होता, पण त्यालाही हाच न्याय लावायला हवा होता. पोत्याच्या तळाशी कोरे कोन बघून ज्याने वेस्टचा भाव दिला, तो अजाण कसा? तांबं आणि सूत खाता येत नाही, अंगावर घालता येत नाही. घेणारा नसेल तर या दोन्ही चोऱ्या करून कुणाला काही मिळालंच नसतं.

साखळी

तिसऱ्या घटनेचा या कुटुंबाशी तसा काही संबंध नव्हता, आणि घरच्यांना पटवायला सगळ्यात अवघड गेलं ते हेच. अण्णांच्या आई पहाटे देवळाकडे चालत निघाल्या होत्या. मागून मोटारसायकलवर दोघं आले, मागच्याने साखळीला हिसडा दिला, आई पडल्या, मानेवर लांब ओरखडा आला, मनगट मुरगळलं. घरात लगेच चर्चा सुरू झाली की सूत, तांबं आणि आता साखळी, कुणीतरी मागावरच आहे. तसं काही नव्हतं. साखळी ओढणारे ओळखीच्या घरावर डूख धरत नाहीत. रस्ता मोकळा आहे का, वय झालेली बाई एकटी आहे का आणि पळायला वाट आहे का, एवढंच बघतात.

सोलापूर त्या दृष्टीने सोयीचं आहे. पुणे, हैदराबाद, विजयपूर, तुळजापूर असे मोठे रस्ते इथून फुटतात आणि तासाभरात कर्नाटकची हद्द लागते. गाडी एका गावातून उचलायची, साखळी दुसऱ्या गावात ओढायची, सोनं तिसऱ्या ठिकाणी वितळवायचं, ही त्यांची ठरलेली पद्धत. कॅमेऱ्यात दिसलेला नंबर भलत्याच गाडीचा निघाला. मोटारसायकल काही दिवसांनी विजयपूर रस्त्यालगत टाकलेली सापडली, तीही चोरीचीच. पोलीस दप्तरं आता संगणकाच्या जाळ्याने जोडलेली आहेत, पण दोन राज्यांच्या तपासाचा मेळ कागदावर बसतो तितका प्रत्यक्षात बसत नाही.

नव्या संहितेत हिसकावण्याला पहिल्यांदाच स्वतंत्र कलम मिळालं आहे, ३०४, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. सुरुवातीला तेच लावलं गेलं. पण चोरी करताना इजा झाली की ती जबरी चोरी ठरते, कलम ३०९, आणि शिक्षा कितीतरी मोठी. आईंच्या मानेवरचा ओरखडा आणि मनगट वैद्यकीय अहवालात आलेलं होतं. तो अहवाल पुढे करून कलम बदलून घ्यावं लागलं. अशा वेळी घरचे जखमीला गल्लीतल्या दवाखान्यात नेऊन पट्टी करून आणतात आणि कागद काहीच राहत नाही. सरकारी दवाखान्यात नोंद करून घ्या, असं मी प्रत्येकाला सांगते.

रथाचा दिवस

नारळी पौर्णिमेला पद्मशाली समाजाचा श्री मार्कंडेय रथोत्सव असतो. त्या दिवशी पूर्व भागातली घरंच्या घरं कुलूप लावून रस्त्यावर असतात. अण्णांचं कुटुंबही चारच्या सुमारास निघालं आणि रात्री उशिरा परतलं. दाराचं कुलूप होतं तसं. कपाट बंद होतं तसं. चोरी झाल्याचं कळलं तिसऱ्या दिवशी, मजुरी वाटायला पैसे काढताना. आठवड्याच्या मजुरीच्या रकमेतली साधारण निम्मी नोटांची बंडलं जागेवर होती, निम्मी नव्हती. आईंच्या पाटल्या आणि वहिनींचे तोडे नव्हते. देवघरातली चांदी, ताम्हणापासून समईपर्यंत, सगळी जागच्या जागी.

निम्मी रोख मागे ठेवणारा चोर कोण असतो? सराईत घरफोड्या असं करत नाही. तो कपाट फोडतो, गाद्या उलटतो, सापडेल ते घेतो, कारण त्याला पुन्हा त्या घरात यायचं नसतं. चोरी लगेच कळू नये असं ज्याला वाटतं, तो निम्मं ठेवतो. चांदी मोठी, पिशवीत दिसणारी, आणि देवघर रिकामं झालं तर दुसऱ्या सकाळीच कळणार. म्हणजे या घरात रोज सकाळी पूजा होते, हेही त्याला ठाऊक.

पण हे बोलायच्या आधीच शेजारच्या एका गृहस्थांनी नाव घेतलं होतं. आठवड्यापूर्वी कारखान्यात लाइटचं काम करून गेलेला तरुण वायरमन. पुरावा काय, तर ‘तो सेटलमेंटचा आहे ना?’ तक्रारीत संशयित म्हणून त्याचं नाव गेलं. पोलीस ठाण्यात त्याला सलग तीन दिवस बोलावून बसवून ठेवलं. नोटीस नाही, अटक नाही, जबाबाचा कागदही नाही. तीन दिवसांची मजुरी बुडाली, आणि त्याहून वाईट म्हणजे तो ठाण्यात बसलाय ही बातमी फिरल्याने पुढची दोन कामं हातची गेली.

सोलापूरच्या माणसाला ‘सेटलमेंट’ हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, पण त्यामागचा कायदा नव्या पिढीला माहीत असतोच असं नाही. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला. काही जमातींत जन्मलेला प्रत्येक माणूस, स्त्री असो की मूल, जन्मतःच गुन्हेगार धरला जाई. १९११च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला. सोलापुरात तारेच्या कुंपणात वसाहत झाली. तिथे हजेरी, बाहेर पडायला परवानगी आणि गिरण्यांना लागणारं मनुष्यबळ पुरवणं, हे सगळं एकत्र चालत असे. शहराच्या गिरण्या ज्या हातांनी चालल्या त्यांत हे हातही होते. देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, हा कायदा रद्द झाला आणि या जमाती विमुक्त झाल्या. पण सराईत गुन्हेगारांसाठी वेगळे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९चा. जुन्या यादीतल्यांकडे बघायची नजर नव्या कागदावर उतरली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या जातीवरच्या भेदभावाचे नियम रद्द केले, तेव्हा विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये, हेही बजावलं.

मालमत्तेच्या गुन्ह्यांची आणि गुन्हेगारांची जी वर्गवारी जुन्या पोलीस पुस्तकांत होती, ती जातींच्या नावांची यादीच होती. अमुक जमात घरफोडी करते, तमुक जमात रेल्वेत बॅगा बदलते, असं. या वर्गवारीत माणुसकी नव्हती, हे आता सगळे मान्य करतात. मला अजून एक गोष्ट ठासून सांगायची आहे. तपास म्हणूनही ती कुचकामी आहे. या प्रकरणात वायरमनवर घालवलेल्या तीन दिवसांत समोरच्या कापड दुकानाच्या कॅमेऱ्यातलं जुनं चित्रण पुसलं जाण्याच्या बेतात आलं होतं. कॅमेऱ्यावर नव्या चित्रणासाठी जागा लागते, तो थांबून राहत नाही.

मी वायरमनसाठी ठाण्यात गेले, तेव्हा मुद्दा साधा ठेवला. संशयिताला बोलवायचं तर नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याच्या, कलम ३५ प्रमाणे लेखी नोटीस द्या, आणि या माणसाला चोरी करता आली असती का ते आधी बघा. मग घरी येऊन आईंना बसवलं आणि विचारलं, ‘आई, दाराची जादा किल्ली कुठे असते, कपाटाची किल्ली कुठे असते, आणि त्या दिवशी तुम्ही सगळे रथाला जाणार हे कुणाकुणाला ठाऊक होतं?’

दाराची जादा किल्ली खाली कारखान्याच्या ऑफिसातल्या खणात. कपाटाची किल्ली माडीवर, ज्वारीच्या पिंपात. रथाचं तर सगळ्या भागाला ठाऊक. पहिल्या दोन गोष्टी माहीत असलेल्यांची यादी आईंनीच बोटांवर मोजत केली. सहा माणसं झाली. वायरमन त्यात नव्हता. त्याचं काम खालच्या मजल्यावर, माडीचा जिना तो चढलाच नव्हता. सहापैकी पाच जण त्या संध्याकाळी रथाबरोबर सतत कुणा ना कुणाच्या सोबत होते. सहाव्याचं नाव घेताना आई थांबल्या आणि म्हणाल्या, ‘तो आमच्याच अंगाखांद्यावर वाढलाय की.’ तो त्यांच्या मुलीचा मुलगा, अण्णांचा भाचा.

दुकानाच्या चित्रणात तो सात वाजून वीस मिनिटांनी कारखान्याच्या दारातून आत जाताना आणि अर्ध्या तासाने बाहेर पडताना दिसला. वेळेला इथे कायद्याने महत्त्व आहे. घरफोडी सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाच्या आधी झाली तर कलम ३३१ खाली तिची शिक्षा दिवसाच्या घरफोडीपेक्षा जास्त, चोरीसाठी असेल तर चौदा वर्षांपर्यंत. श्रावणात सोलापुरात सूर्य सातच्या आसपास मावळतो. वीस मिनिटांनी सगळं पारडं फिरलं. ‘पण त्याने फोडलं काहीच नाही, किल्लीने उघडलं,’ असं अण्णा पुन्हापुन्हा म्हणत होते. घरात चोरून शिरण्यासाठी कुलूप उघडणं हेही घरफोडीच्या व्याख्येत बसतं, किल्ली खरी असली तरी.

दागिने एका फायनान्स कंपनीकडे तारण होते, आणि तेही त्याच्याच नावावर, त्याच्याच आधार कार्डावर. मोबाइलवरच्या पैशांच्या खेळात तो हरत गेला होता, मग झटपट कर्ज देणाऱ्या ॲपवरून पैसे घेतले होते, आणि वसुलीवाले त्याच्या फोनमधल्या ओळखीच्या लोकांना फोन करू लागले होते. दिवाळीपर्यंत सोडवून आणून होते तिथे ठेवायचा त्याचा विचार होता, असं तो म्हणाला. मला ते खरं वाटतं. स्वतःच्या नावावर तारण ठेवणारा माणूस आपण चोरी केली असं समजतच नसतो. दिवाणजी ‘माझे निघतातच’ म्हणत होता, हा ‘परत ठेवणारच’ म्हणत होता. दोघांच्याही मनात चोर म्हणजे कुणी दुसराच, बाहेरचा.

बावीस वर्षांच्या मुलाने बायकी दागिने आणले, तर ते कुणाचे हे विचारायला हवं होतं. तारण घेणाऱ्यांनी मालकीची खातरजमा करणं अपेक्षित असतं. इथे ‘घरचेच आहेत’ एवढ्या लेखी घोषणेवर भागलं. भंगारवाला काट्यावर विकत घेतो, ही मंडळी पावतीवर, एवढाच काय तो फरक.

पुढे काय झालं

भाच्याचं नाव निघाल्यावर कुटुंबाला तक्रार मागे घ्यायची होती. मला त्यांचं दुःख कळतं. पण दखलपात्र गुन्हा एकदा नोंदला गेला की तो फिर्यादीच्या मर्जीवर राहत नाही. आता उच्च न्यायालयात तो रद्द करून घेण्याचा अर्ज आहे. मी अण्णांना अट घातली की त्या अर्जासोबत वायरमनविषयी लेखी निवेदनही जाईल, की त्याचं नाव निव्वळ ऐकीव संशयावरून दिलं गेलं आणि त्याचा या घटनेशी काही संबंध नव्हता. अण्णांनी सही केली. दोन दिवस घेतले, पण केली. त्या निवेदनाची प्रत पोलीस ठाण्यातही दिली आणि पोच घेतली, कारण पुढच्या चोरीच्या वेळी कुणीतरी जुनं रजिस्टर चाळेल आणि त्यात त्याचं नाव असेल, तर शेजारी हा कागदही असायला हवा.

दागिने न्यायालयातून सुपुर्दनाम्यावर, म्हणजे मागतील तेव्हा हजर करण्याच्या हमीवर, परत मिळाले. मुद्देमाल वर्षानुवर्षं ठाण्यात पडून राहू नये, फोटो आणि पंचनामा करून लवकर परत द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं होतं. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये चौदा दिवसांत वर्णन आणि त्यापुढे तीस दिवसांत आदेश अशी मुदतच घातली आहे. इथे दिवस त्याहून थोडे जास्त लागले, पण पूर्वीच्या मानाने फारच लवकर. अर्ज करताना दागिन्यांच्या खरेदीच्या पावत्या नव्हत्या, जुन्या लग्नाच्या फोटोंवर काम भागलं. पाटल्या हातात दिसणारे फोटो जपून ठेवावेत, हे त्या दिवशी सगळ्या नातेवाइकांना कळलं.

दिवाणजीचा खटला सुरू आहे. त्याच्या जागी आलेल्या माणसाकडे गोदामाची किल्ली आहे, पण वेस्टची वही नाही. ती अण्णांच्या सुनेकडे आहे आणि वेस्टची पोती तिच्यासमोर रिकामी करूनच भरली जातात. शेडचा वाद अजून कोर्टात आहे, तरी दोन्ही भावांनी मिळून पत्रे ठोकून घेतले आणि मोटारी विकून टाकल्या. तिघांपैकी धाकट्या एका मुलाला मंडळाच्या देखरेखीतच वाइंडिंगचं काम शिकायला लावलं आहे आणि तो नियमित जातो. भंगारवाल्यावर आरोपपत्र दाखल झालं.

आईंच्या साखळीचा माग लागलेला नाही. तपासाची प्रगती नव्वद दिवसांत फिर्यादीला कळवणं आता बंधनकारक आहे, त्याप्रमाणे ‘तपास सुरू आहे’ असं कळवणारा संदेश आला. आम्ही दोन्ही राज्यांतल्या तशाच घटनांची यादी मागणारा अर्ज दिला आहे. वायरमनला त्या भागात पुन्हा कामं मिळू लागली आहेत. कारखान्याच्या नव्या मीटरचं काम अण्णांनी त्यालाच दिलं, आणि या वेळी त्याला वर माडीवरही वायरिंग करायला बोलावलं.